विश्लेषणाचे अध्ययन आणि ‘उदाहरण’ : महाराष्ट्रातील परंपरेचा विचार

मराठीत ‘गणित’ हा शब्द एका शास्त्राचे नाव आहे, तसेच ते एका सुट्या प्रश्नाचेही नाव आहे. मुलगा गणित शिकतो आणि गणित सोडवितो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. भाषेने अशा रीतीने एकत्र बांधलेल्या या दोन गोष्टी विद्यापीठाच्या वर्गात मात्र एकमेकींपासून दूर झालेल्या दिसतात. तेथे ‘थिअरी’ निराळी आणि ‘उदाहरणे’ निराळी. बीजगणित किंवा भूमिती यांत ही फूट फारशी जाचत नाही. सीमा, सातत्य आणि अभिसरण हे ज्याचे विषय, त्या विश्लेषणशास्त्रात मात्र ती विद्यार्थ्याच्या मुळावर येते. व्याख्या पाठ असलेला आणि सिद्धांताची सिद्धता अक्षरशः लिहून दाखविणारा पदवीधर, न पाहिलेली एखादी साधी क्रमिका अभिसारी आहे किंवा कसे, हे विचारताच थबकतो. ही अवस्था कशी आली, हे पाहावयाचे तर थोडे मागे जाणे अवश्य आहे.

या प्रदेशातील जुनी अध्ययनपद्धती प्रश्नांवरच उभी होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सुमारे इ. स. ११५० च्या ग्रंथात, सूत्रापाठोपाठ उदाहरण येते आणि सूत्राचा अर्थ खऱ्या अर्थाने तेथेच उलगडतो. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात तर प्रश्नाध्याय नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. त्याच भास्कराचार्यांनी ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येच्या सूक्ष्म फरकाचा कोटिज्येशी असलेला संबंध वापरला. त्याला आजच्या अर्थाने विश्लेषण म्हणणे हा अतिरेक होईल, कारण सीमेची व्याख्या तेथे नाही. तथापि ही कल्पना एका प्रश्नाच्या निकडीतून उपजली, हे विसरता येत नाही.

इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि गणिताच्या उच्च अध्ययनाची सूत्रे इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या हाती गेली. टॉडहंटरच्या पुस्तकांचा प्रसार हिंदुस्थानभर होता. या पुस्तकांमागे केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा उभी होती. तिच्या प्रश्नाला दोन अंगे असत. आधी पुस्तकातील सिद्धता लिहावयाची आणि मग तिला जोडलेला ‘रायडर’ सोडवावयाचा. वेळ थोडा व प्रश्न पुष्कळ, यामुळे हातचलाखीला मोठे मोल येई. इ. स. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे जॉर्ज बर्टविसल यांच्यासह या परीक्षेत पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्रावर या घटनेचा संस्कार इतका खोल झाला की ‘रँग्लर’ ही पदवी नावाच्या आधी लावण्याची रीत मराठीत रूढ झाली आणि पुढे गणेश सखाराम महाजनी यांच्याही नावामागे ती चिकटली. इ. स. १९०२ मध्ये परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु ज्या परीक्षेने त्यांना मान दिला, तिच्याविषयीची तक्रार ती उत्तीर्ण झालेल्यांनीच प्रथम केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तक्रार करणारांत अग्रणी होते जी. एच. हार्डी. परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, हार्डी चौथे रँग्लर झाले होते. परीक्षेच्या शिकवणीला कंटाळलेल्या हार्डींना लव्ह या शिक्षकांनी जॉर्दाँचा फ्रेंच विश्लेषणग्रंथ वाचण्यास सांगितले आणि गणित म्हणजे काय याचा अर्थ आपणांस तेव्हा कळला, असे त्यांनी पुढे लिहून ठेविले. ट्रायपॉसमधील गुणानुक्रम १९०९ नंतर बंद झाला, त्यामागे हार्डींचाही आग्रह होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९२६ मध्ये मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही परीक्षाच नको, असे प्रतिपादन केले. मौज अशी की, १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शुद्ध गणितावरील क्रमिक पुस्तकात उदाहरणांचा जो मोठा साठा आहे, त्यातील कित्येकांखाली ट्रायपॉसचेच वर्ष छापलेले आढळते. हार्डींचा रोष उदाहरणावर नव्हता. उदाहरण कशासाठी सोडवावयाचे, याविषयी त्यांचा मतभेद होता.

हा भेद एका भारतीय प्रश्नात जितका स्पष्ट दिसतो, तितका तो क्वचितच अन्यत्र दिसेल. इ. स. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी स्थापिलेली संस्था पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न दिले जात आणि वाचकांची उत्तरेही छापली जात. १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी त्यात पुढील राशीची किंमत विचारली :

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

काही महिने कोणाचे उत्तर आले नाही, तेव्हा रामानुजन यांनी स्वतःच ते दिले. उत्तर ३. युक्ती अशी की, ३ हे √(१ + २·४) होय. त्यातील ४ हे √(१ + ३·५) होय. ५ हे √(१ + ४·६) होय, आणि हे असेच पुढे चालते. ट्रायपॉसच्या परीक्षकाने याला पूर्ण गुण दिले असते.

विश्लेषणाचा विद्यार्थी येथे एक अडचण उभी करू शकतो. ३ च्या जागी ४ घेतले तर काय बिघडते? ४ हे √(१ + २·७.५) होय. ७.५ हे √(१ + ३·क) असे लिहिता येते, फक्त क ची किंमत सुमारे १८.४ येते, तीही तशीच मोडली तर पुढची संख्या सुमारे ८४.५. ही साखळीही कोठे तुटत नाही. मग त्याच राशीची किंमत ४ का म्हणू नये? या प्रश्नाने कोंडी झाल्यावर ‘…’ या तीन टिंबांचा अर्थ काय, हे विचारणे भाग पडते आणि व्याख्येची गरज प्रथम जाणवते. राशी कोठेतरी तोडून पाहावी लागते. दोनशी थांबल्यास √३, म्हणजे सुमारे १.७३, तिनाशी थांबल्यास √५, म्हणजे २.२४, पुढे २.५६, २.७६. ही क्रमिका वाढती आहे आणि ३ च्या वर ती जात नाही, कारण शेवटच्या (न + २) च्या जागी आपण फक्त १ ठेविलेला असतो. ती ३ लाच पोहोचते याचीही सिद्धता अवघड नाही. ट ही १ पेक्षा लहान धन संख्या असल्यास √(१ + ट·य) हे √ट·√(१ + य) पेक्षा लहान नसते. हे एकामागून एक प्रत्येक वर्गमुळाला लावले की आतली चूक दर पायरीस वर्गमूळ घेत घेत बाहेर येते. (न + २) चे वर्गमूळ (न − १) वेळा काढले तर उरणारी संख्या १ च्या अगदी जवळ येते, आणि काम झाले. चारची साखळी का टिकत नाही, तेही याच हिशेबात दिसते. खऱ्या साखळीत आतल्या संख्या ४, ५, ६ अशा सावकाश वाढतात, तर खोट्या साखळीत ७.५, १८.४, ८४.५ अशा. म्हणजे शेपूट तोडले असता पडणारा फरक तेथे क्षुल्लक राहत नाही.

रामानुजन यांनी छापलेल्या उत्तरात हा भाग नव्हता. टी. विजयराघवन यांनी अशा घरट्यासारख्या वर्गमुळांच्या अभिसरणाची पूर्ण कसोटी दिली आणि ती १९२७ च्या रामानुजन-निबंधसंग्रहाच्या टिपणांत आली. एकाच प्रश्नाची ही दोन आयुष्ये आहेत. पहिल्यात तो कोडे आहे. दुसऱ्यात तो क्रमिका, बंध आणि सीमा या तिन्हींची ओळख करून देणारा शिक्षक आहे. दुसरे आयुष्य विद्यापीठांतील वर्गांच्या वाट्यास पुरेसे आले नाही.

याचे कारण परीक्षेच्या रचनेत शोधावे लागते. ट्रायपॉसच्या प्रश्नाची जोडी आपल्याकडे हळूहळू सुटली. विश्लेषणाच्या प्रश्नपत्रिकेत पुस्तकी सिद्धता राहिली, कारण ती तपासण्यास सोपी. आणि रायडर एक तर गळाला किंवा मागील वर्षांच्या प्रश्नांची पुनरावृत्ती झाला. याच सुमारास युरोपात उलट वारे वाहत होते. १९२५ मध्ये पोल्या आणि सेगे यांचा विश्लेषणातील प्रश्न व प्रमेये यांचा जर्मन ग्रंथ निघाला. त्यात प्रश्न सुटे नसून मालिकांनी लाविलेले आहेत. एक सोडविला की पुढच्याची वाट दिसते आणि मालिकेच्या अखेरीस विद्यार्थी एखाद्या मोठ्या सिद्धांतापाशी आपल्या पायांनी पोहोचतो. रानवाटेवर अगोदरच दगड मांडून ठेवावेत, तशी ही रचना आहे.

या इतिहासाचा खरा भार महानगरांवर पडला नाही, तो तालुक्यांवर पडला. करमाळ्याचेच उदाहरण घ्यावे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे या तालुक्यातील स्थानक. १९४० मध्ये सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघेपर्यंत जिल्ह्याच्या विद्यार्थ्यास उच्च गणितासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. विद्यापीठे तर चार बदलली : प्रथम मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ मध्ये सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ, ज्यास पुढे अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. महाविद्यालय करमाळ्यातच आले, हा लाभ थोर आहे. परंतु पुण्यातील विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिकेच्या बाहेरही काही लाभत असे : ग्रंथालय, नियतकालिकाचे जुने अंक, प्रश्नावर वाद घालणारा सोबती. तालुक्याच्या विद्यार्थ्यास विषयाचे दर्शन बहुतेक प्रश्नपत्रिकेतूनच घडते. तीत रायडर नसेल, तर विश्लेषण हे पाठांतराचे शास्त्र आहे अशी त्याची समजूत होणे अपरिहार्य आहे, आणि तो दोष त्याच्या बुद्धीवर लादणे अन्यायाचे आहे.

या स्थितीस छेद देणारा एक प्रयत्न महाराष्ट्रातूनच झाला. मुंबई विद्यापीठातील प्रा. एस. कुमारेसन यांनी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या साहाय्याने १९९३ मध्ये उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू केले. ‘एम. टी. टी. एस.’ या नावाने ते देशभर परिचित झाले. या वर्गांत व्याख्यान देणारा शिक्षक सिद्धांत फळ्यावर सिद्ध करून टाकत नाही. तो प्रश्न विचारतो, आणि विद्यार्थ्याने दिलेल्या उत्तरातील उणीव दाखविणारे उदाहरण विद्यार्थ्याकडूनच काढून घेतो. बंद अंतरालावरील संतत फलन बंधित असते, हे सांगण्यापूर्वी खुल्या अंतरालावर अबंधित संतत फलन शोधण्यास तो सांगतो. १/य हे सापडले की टोकाचे बिंदू सिद्धतेत का हवेत, याचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. लहान गावांतील महाविद्यालयांतून येणाऱ्यांना या वर्गांचा पहिला आठवडा जड जातो, यात आश्चर्य नाही. उत्तर चुकले तरी चालते, हेच त्यांना तेथे प्रथम शिकावे लागते.

वर्गमुळांच्या त्या प्रश्नालाही पुढची पायरी आहे, आणि तिला कागद-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही. √(अ₁ + √(अ₂ + √(अ₃ + …))) या राशीत अ₁, अ₂, अ₃ या धन संख्या किती वेगाने वाढल्या तरी राशी सीमित राहील? अ₁ = २², अ₂ = २⁴, अ₃ = २⁸ अशा, म्हणजे घातांक दर वेळी दुप्पट होणाऱ्या संख्या घेतल्यास २ हा अवयव बाहेर काढता येतो आणि किंमत नेमकी १ + √५ येते. घातांक दर वेळी तिप्पट केले, म्हणजे अ₁ = २³, अ₂ = २⁹, अ₃ = २²⁷ असे घेतले, तर मात्र राशी कोणतीही मर्यादा ओलांडते.