जुनी ओम्नी पिकअप घेत नाही, मध्येच बंद पडते? आधी काय तपासायचं?

अकलूज परिसरात शाळेची मुलं, बाजारचा माल आणि पंढरपूरला निघालेलं कुटुंब, अशा सगळ्यांसाठी जुनी व्हॅन आजही कामाला येते. 1984 मध्ये बाजारात आलेल्या मारुती व्हॅनचं नाव पुढे 'ओम्नी' झालं. 796 सीसीच्या या गाडीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक ओम्नी वापरलेलीच असते. अशी गाडी ओढत नसेल, तर महागडे पार्ट बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे शोधायला हवं.

इंजिन की क्लच?

ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरत असण्याची शक्यता जास्त. आवाजही वाढत नसेल, तर हवा, पेट्रोल आणि स्पार्क तपासा. थोडं चालवल्यावर एकच चाक जास्त तापत असेल, तर तिथला ब्रेक अडकलेला असू शकतो.

स्वस्तातल्या तपासण्या आधी

- एअर फिल्टर: धुळीच्या रस्त्यांवर लवकर चोंदतो.
- पेट्रोल फिल्टर: चढाला किंवा जास्त वेगात गाडी दम तोडत असेल, तर आधी हाच बघा.
- स्पार्क प्लग: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट प्लग म्हणजे ऑइल आत येतंय. अशा वेळी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

गॅस किट असेल तर

गाडी गॅसवर आणि पेट्रोलवर, दोन्हीवर चालवून पाहा. त्रास फक्त गॅसवर होत असेल, तर दोष किटच्या बाजूला. दोन्हीवर होत असेल, तर प्लग, कॉइल, हवा किंवा इंजिन.

गाडी कधी बंद पडते?

थंड असताना किंवा सिग्नलला बंद पडत असेल, तर कार्बोरेटरच्या गाडीत चोक आणि स्लो जेट पाहा. एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडीवर साचलेला मळ पाहा. तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल, तर इग्निशन कॉइल, पेट्रोल पंप किंवा क्रँक सेन्सरवर संशय घ्या. टाकीचं झाकण उघडल्यावर 'सुस्स' आवाज होऊन गाडी नीट चालू लागली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद आहे.

इथेनॉलचं काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत उसापासून इथेनॉलही बनतं. 20 टक्के इथेनॉल असलेलं ई-20 पेट्रोल आता पंपांवर मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबरी पाइपांना त्रास देऊ शकतं. म्हणून पाइप आणि फिल्टर वेळेवर बदला.

हे टाळू नका

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला, तर गाडी सुरू करू नका. ब्रेक बूस्टर असलेली गाडी धावताना बंद पडली, तर ब्रेक जड होतो. त्यामुळे अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलांची ने-आण थांबवा. विकत घेताना इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा आणि किमान अर्धा तास चालवून पाहा. तापल्यावर दिसणारे दोष गल्लीतल्या एका फेरीत कळत नाहीत.