गिळणं म्हणजे मारणं नव्हे

मागच्या व्याख्यानात आपण पाश्चर आणि कॉखपर्यंत आलो होतो. रोग जंतूंमुळे होतो, हे तिथे ठरलं. मग पुढचा प्रश्न असा, की जंतू शरीरात शिरल्यावर त्यांच्याशी लढतं कोण?

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना शहरात एल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. तारामाशाची अळी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्याने गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी! त्यावरून त्याने अनुमान केलं, की आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच धावून जातात आणि जंतूंना गिळून पचवतात. याच त्या भक्षकपेशी.

जर्मन पंडितांचा पक्ष वेगळा होता. खरं काम पेशींचं नाही, रक्तद्रवाचं आहे, असं ते म्हणत. १८९४ मध्ये रिचर्ड फायफरने त्याला भक्कम पुरावा दिला. कॉलऱ्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या गिनीपिगच्या उदरपोकळीत त्याने कॉलऱ्याचे जंतू सोडले, तर ते पेशींच्या बाहेरच विरघळले. पुढच्या वर्षी ज्यूल बोर्डेने त्यामागचे रक्तद्रवातले दोन घटक वेगळे दाखवले, आणि तेही पॅरिसमध्ये मेचनिकॉव्हच्याच प्रयोगशाळेत!

आपल्या शास्त्रार्थाच्या भाषेत सांगायचं तर इथे पूर्वपक्ष खोडला गेला नाही, पुरा झाला. १९०३ मध्ये लंडनला आल्मरोथ राइट आणि डग्लस यांनी दाखवलं, की रक्तद्रवातले पदार्थ जंतूला चिकटले, की पेशी त्याला सहज गिळतात. १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि पाउल एर्लिख यांना विभागून मिळालं, तेही दोन्ही पक्षांना धरून.

पण गिळलं म्हणजे संपलं का? इथे आपण पोटाकडे येऊ. पोटातला अल्सर चिंतेमुळे, तिखटामुळे होतो, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. माणूस दुखणंही सोसायचा आणि स्वभावाचा दोषही अंगावर घ्यायचा. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्या जठरातून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. या जंतूचं वैशिष्ट्य बघा. त्याचे काही वाण भक्षकपेशींना गिळायलाच उशीर लावतात. गिळल्यावरही पेशीतल्या पिशव्या एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, आणि जंतू त्यात जिवंत राहतो. पेशी येतात, सूज येते, तरी उपचार न केल्यास तो बहुधा आयुष्यभर ठाण मांडतो.

म्हणजे मेचनिकॉव्हने पाहिलं ते खरंच होतं. मात्र गिळणं आणि मारणं ह्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली दिसली म्हणून दुसरी झालीच, असं आपण धरू नये. त्या दुसऱ्या पायरीसाठीच अशा रोग्याला प्रतिजैविकं द्यावी लागतात. त्यांच्या इतिहासाकडे आपण पुढच्या व्याख्यानात वळू.