एन, एच आणि डबघाईला आलेली रेल्वे

१९५५ साली न्यूयॉर्कहून कनेक्टिकटकडे धावणाऱ्या काही नव्या विद्युत इंजिनांनी प्रवाशांना चकित केले. अंगावर शेंदरी, काळा आणि पांढरा अशा रंगांचे मोठाले चौकोनी ठोकळे आणि त्यांत दोनच प्रचंड रोमन अक्षरे: वर 'एन', खाली 'एच'. पंख्यांच्या घरघरीमुळे लोकांनी या इंजिनांचे नाव 'जेट' ठेवले. बोधचिन्हांच्या इतिहासात या जोडीचा उल्लेख आजही आदराने होतो.

ही न्यू हेवन रेल्वे. न्यूयॉर्क ते बॉस्टन हा तिचा मुख्य मार्ग, आणि तिची मदार इतर अमेरिकन रेल्वेंच्या मानाने प्रवाशांवर अधिक. मोटारी आणि विमाने नेमके तेच प्रवासी पळवीत होती. १९५४ मध्ये भागधारकांच्या मतांची चुरशीची लढाई जिंकून पॅट्रिक मॅकगिनिस अध्यक्ष झाले. रेल्वे बदलली आहे, हे लोकांना डोळ्यांनी दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

काम सोपवले गेले हर्बर्ट मॅटर यांच्याकडे. जन्म १९०७, स्वित्झर्लंडचा. पॅरिसमध्ये चित्रकार लेजे यांच्याकडे शिक्षण. मायदेशाच्या पर्यटनासाठी केलेल्या छायाचित्र-भित्तिपत्रकांनी नाव मिळाले. अमेरिकेत ते नोल या फर्निचर कंपनीच्या जाहिराती करीत आणि येल विद्यापीठात शिकवीत.

मॅटर यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. 'एन' आणि 'एच' या दोन्ही अक्षरांत दोन उभे खांब असतात. फरक फक्त मधल्या दांड्याचा, एकात तिरका, दुसऱ्यात आडवा. मॅटर यांनी दोन्ही अक्षरे समान रुंदीची करून एकावर एक रचली आणि खांबांच्या टोकांना जाड, लांबट पाय दिले. मला ते पाय रुळांखालच्या स्लीपरसारखे वाटतात. रंगांचे ठोकळेही काटेकोर सममितीत नाहीत. लहान मुलाने लाकडी ठोकळे मांडावेत तसे ते खेळकर आहेत, आणि तरीही गाडी भारदस्त दिसते. स्थानके व डब्यांच्या अंतर्भागासाठी वास्तुकार मार्सेल ब्रॉयर यांनाही बोलावण्यात आले होते.

पण रुळांचे काय? मॅकगिनिस खर्च कापत होते, आणि कात्री देखभालीवर चालली. ऑगस्ट १९५५ मध्ये वादळी पावसाने नद्यांना महापूर आले आणि लोहमार्गाची मोठी हानी झाली. गाड्या रखडू लागल्या, रोज ये-जा करणारे चाकरमाने संतापले आणि जानेवारी १९५६ मध्ये मॅकगिनिस पायउतार झाले. ते शेजारच्या बॉस्टन अँड मेन रेल्वेत गेले. तिथेही मॅटर यांच्याकडून निळ्या-काळ्या-पांढऱ्या रंगांतले नवे चिन्ह करवून घेतले. पुढे तिथल्या डब्यांच्या विक्रीत दलाली घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला!

न्यू हेवनचे दिवाळे १९६१ मध्ये निघाले आणि १९६८ संपता संपता ती पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली. या पतनाचे खापर कधी कधी त्या रंगावर फोडले जाते. ते अन्यायाचे आहे. देखभाल मॅटर यांनी थांबवली नव्हती.

कनेक्टिकटच्या लोकांनी तरी हा भेद ओळखला असावा. १९८० च्या दशकात राज्याने आपली जुनी डिझेल इंजिने पुन्हा त्याच शेंदरी-काळ्या-पांढऱ्या वेषात रंगवली. 'एन'-'एच'ही परतले.