उल्हास खोऱ्यांतला वानवळा

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काल कोरलेला आहे. शिलाहार राजा मुम्मुणि ह्याच्या राजवटींत तें मंदिर पुरें झालें. उत्तर कोंकणच्या ह्या राजांनीं दिलेल्या दानांचे ताम्रपटहि सांपडले आहेत. कोणतें गांव दिलें, कोणतें शेत दिलें, त्याच्या सीमा काय, घेणारा कोण आणि कोठचा, हें सर्व त्यांत नमूद असतें. राजाचें देणें असें तांब्यादगडावर टिकून राहिलें. परंतु त्याच वालधुनीच्या कांठीं एका घरानें दुसऱ्या घरास दिलेली जांभळांची टोपली, कोवळ्या वालाच्या शेंगा, जुन्या लुगड्याची गोधडी, ह्यांचा लेख कोणीं ठेवला नाहीं. टोपली रिकामी झाली, शेंगा शिजल्या, गोधडी विरली. राजांच्या दानांहून हें देणें कितीतरी पटींनीं अधिक घडलें असलें पाहिजे. पण इतिहासाच्या पुस्तकांत त्याला एक ओळहि मिळालेली नाहीं.

ह्या देण्याला मराठींत फार चांगला शब्द आहे: वानवळा. कोणी वानोळा म्हणतात. वानगी, म्हणजे नमुना, ह्या शब्दाशीं त्याचें नातें उघड दिसतें. आपल्या शेतांत, परसांत किंवा चुलीवर जें नवें झालें त्याचा थोडासा वांटा आप्तांना आणि शेजाऱ्यांना चाखावयास पाठवणें, हा त्याचा अर्थ. दान वरून खालीं येतें, नजराणा खालून वर जातो; वानवळा समोरच्या दारांत जातो. त्याचे नियम कोठें लिहिलेले नव्हते, तरी ते घरोघर पाळले जात. वस्तु विकत आणलेली नसावी. ती थोडी असली तरी चालेल, पण निवडक असावी. किडकें वांगें वानवळ्यांत कोणी घालीत नसे. तिची किंमत घेणाऱ्यानें विचारावयाची नाहीं आणि देणाऱ्यानें सांगावयाची नाहीं. आणि ज्या भांड्यांतून ती आली तें भांडें रिकामें परत जावयाचें नाहीं. दुसरें कांहीं हाताशीं नसेल तर चिमूटभर साखर किंवा चार तांदुळाचे दाणे घालून मगच तें पोरीच्या हातीं द्यावयाचें. ह्या शेवटच्या नियमांत मोठी समज आहे. त्या चिमूटभर साखरेनें घेतलेल्याची फेड होत नसे. देवघेव चालूच राहणार आहे, एवढेंच ती सांगत असे.

उल्हास नदी सह्याद्रींतून उतरून कर्जत, नेरळवरून बदलापुरास येते आणि बारवीचें पाणी घेऊन कल्याणकडे वळते. ह्या खोऱ्याचें मुख्य पीक पावसाळी भात. आगरी आणि कुणबी हे शेती करणारे, ठाकूर आणि कातकरी हे रानाचे जाणते. प्रत्येक ऋतूचा वानवळा निराळा असे. ज्येष्ठ लागला कीं बदलापूरचें जांभूळ पिकतें. जांभळाची फांदी ठिसूळ, म्हणून झाडावर चढणारा हलका आणि सावध लागतो. आणि फळ इतकें नाजूक कीं दुसऱ्या दिवशीं तें नरम पडतें. तें सांठवतां येत नाहीं, वांटावेंच लागतें. ज्या काळीं घरांत शीतकपाट नव्हतें त्या काळीं शेजाऱ्याचें घर हेंच माणसाचें कपाट होतें. आज त्याच्याकडे गेलेलें उद्यां दुसऱ्या रूपानें आपल्याकडे येई. वानवळ्याच्या मुळाशीं माया होती तसा हा व्यवहारहि होता, आणि एकामुळें दुसऱ्याला कमीपणा येत नसे.

पहिला पाऊस पडला कीं रानांत शेवळें उगवतात. जेमतेम कांहीं आठवडेच तीं मिळतात. शेवळें ही भाजी मोठी खाजरी. आंतला पिवळा भाग काढून टाकावयाचा, उरलेलें बारीक चिरावयाचें, आणि शिजवतांना काकड नांवाच्या रानझाडाचीं आंबट फळें त्यांत घालावयाचीं. नाहींतर घसा धरलाच. म्हणून शेवळांची जुडी पाठवावयाची ती काकडांसकट, हा संकेत. अर्धें ज्ञान आणि अर्धी भाजी कोणाला द्यावयाची नसते, हें रानांतल्या माणसांना पक्कें ठाऊक होतें. चंद्रसेनीय कायस्थ प्रभु आणि पाठारे प्रभु ह्यांच्या घरांत शेवळांचें केवढें कौतुक! पण तें रान ओळखणारे डोळे ठाकरांचे आणि कातकऱ्यांचे, ही गोष्ट जेवतांना सहसा निघत नाहीं.

पुढें श्रावण-भाद्रपदांत पातोळ्यांसाठीं हळदीचीं पानें, गौरीच्या सणाला वेलीवरचें तवसें. दसऱ्याच्या सुमारास दाराला नव्या भाताच्या लोंब्या, आणि मग कांडलेले नवे पोहे. भात निघाल्यावर जमिनींत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. थंडींत हिरव्या शेंगा आणि उन्हाळ्याच्या तोंडीं वाळलेले कडवे वाल, असे दोन वानवळे त्या एका पिकांतून निघत. कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून मुलीच्या घरीं पाठवणारी आई ही ह्या खोऱ्यांतली अगदीं नित्याची मूर्ति होय. वाल काय, कोठेंहि मिळतात; ती सोलण्याची दुपार मात्र बाजारांत मिळत नसे. लेकीलाहि तें कळे. डबा उघडतांच घरांतलीं सगळीं माणसें भोंवतीं जमत, आणि बिरडें शिजेपर्यंत माहेरच्या गोष्टी चालत.

हातानें केलेल्या वस्तूंमध्यें पहिला मान गोधडीचा. तान्ह्या मुलासाठीं गोधडी नव्या कापडाची करीत नाहींत. शेंकडों वेळां धुवून मऊ झालेलें जुनें सुती लुगडें त्या अंगाला बोंचत नाहीं, हें त्याचें साधें कारण. थरावर थर पसरून धांवदोऱ्यानें ती शिवली कीं आजीचें लुगडें, मावशीचें पातळ, आत्याची चोळी हीं एकत्र येतात, आणि मूल कळतें झाल्यावर त्याला एकेक ठिगळ दाखवून कुळाची ओळख करून देतां येते. बाळंतविड्यांत हिच्याबरोबर अंगडें, टोपरें, कुंची, दुपटें आणि बाळंतिणीसाठीं डिंकाचे व अळिवाचे लाडू जात. संक्रांतीच्या हलव्याचें काम त्याहून चिवट. मंद निखाऱ्यावर परात ठेवून तिळांवर चमचा चमचा पाक सोडावयाचा आणि बोटांनीं ते सारखे हालवीत राहावयाचें, तेव्हां कोठें कांटा फुटतो. दिवसचे दिवस हें काम चाले आणि बोटें पोळत. मग त्या हलव्याचे दागिने गुंफून नव्या सुनेला नि बोरन्हाणाच्या बाळाला घालावयाचे. हळदीकुंकवांत हल्लीं लुटल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांपाशीं ही परात ठेवून पाहिली म्हणजे काय हरवलें तें बोलून दाखवावें लागत नाहीं.

ह्या सर्व देवघेवीला नवे पाय फुटले ते आगगाडीमुळें. १ मे १८५४ रोजीं ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली आणि १८५६ सालीं बदलापुरावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत रूळ पोंचले. त्याच सुमारास मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघूं लागल्या होत्या. बदलापुराहून बोरीबंदर सुमारें ६८ किलोमीटर. जेथें पूर्वी बैलगाडी आणि पडाव ह्यांचा हिशेब दिवसांचा असे, तेथें तो तासांवर आला. सकाळीं खुडलेली शेवळें दुपारीं गिरगांवच्या चुलीवर चढूं लागलीं. चाळींत राहणाऱ्या कुटुंबाला गांव म्हणजे काय तें गांवाहून आलेल्या पिशवींतून कळे. मुंबईकर मात्र परत काय पाठवणार? त्याच्या गॅलरींत तुळशीपलीकडे कांहीं उगवत नव्हतें. तेव्हां विकत आणलेलें द्यावयाचें नाहीं हा नियम गांवानें त्याच्यापुरता सैल केला. चहाची पुडी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मुलांसाठीं पाट्या-पेन्सिली आणि गोधड्यांसाठीं जुनीं लुगडीं असा माल उलट दिशेनें जाऊं लागला. तो रिकामा डबा पुढें पंचवीस वर्षें पापड ठेवावयास उपयोगी पडे, आणि वानवळा घेऊन पुन्हां मुंबईस जाई तो निराळाच.

परंतु गांवाकडील प्रत्येक देणें असें गोड होतें असें म्हणणें हा ढोंगीपणा होईल. कोंबडी, तूप, भाजी, गवताचा भारा हीं जमीनदाराच्या नि सावकाराच्या दारांत ‘भेट’ ह्या नांवानें जात, आणि ती भेट न नेणाऱ्याची धडगत नसे. ठाणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत तर वेठीनें माणसाला माणूस म्हणून उरूं दिलें नव्हतें. कल्याणपासून जवळच असलेल्या टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्यें किसान सभेचें अधिवेशन भरलें. त्याच वर्षीं गोदावरी आणि शामराव परुळेकर ह्यांच्या साह्यानें वारली वेठीविरुद्ध उठले. पुढें १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवसापासून कसणारा मालक ठरूं लागला. ह्या घटना राजकारणाच्या म्हणून वाचल्या जातात; पण त्यांत वानवळ्याचाहि इतिहास आहे. ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं त्याला खरोखरी देतांहि येत नाहीं. आपल्या शेतांतली पहिली शेंग कोणाच्या घरीं पाठवावयाची हें ज्या दिवशीं कूळ स्वतः ठरवूं लागलें, त्या दिवशीं त्याच्या भेटीचा वानवळा झाला.

देण्याचा अधिकार हिरावला जाण्याची दुसरी कहाणी ह्याच खोऱ्यांत, कल्याणच्या शेजारीं घडली. दुसऱ्या महायुद्धांत तेथें मोठी लष्करी छावणी उभारली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या ओसाड बराकींत ठेवण्यांत आलें. त्यांची संख्या लाखाच्या घरांत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनीं त्या वसाहतीला नदीवरून उल्हासनगर हें नांव दिलें. नांव आनंदाचें, आंत राहणाऱ्यांपाशीं शेत नाहीं, परस नाहीं, बराकींतल्या पडद्यापलीकडे स्वतःचें दार नाहीं. सिंधी घरांत आलेल्या पाहुण्यापुढें पापड आणि पाणी ठेवण्याची चाल आहे. जो पापड पाहुण्यासाठीं लाटावयाचा, तोच येथें पोटासाठीं विकावा लागला. बायकांनीं पापड लाटले, लोणचीं घातलीं, आणि पुरुषांनीं नि पोरांनीं मिळेल तो माल घेऊन बाजार आणि आगगाड्या पालथ्या घातल्या. ह्या वसाहतीच्या उद्योगाचें कौतुक पुष्कळ होतें. पण विकण्याच्या त्या धांदलींतहि पाहुण्याचा पापड वेगळा काढून ठेवण्याची रीत त्यांनीं मोडूं दिली नाहीं, हें कौतुक त्याहून मोठें. थदडीच्या आदल्या दिवशीं गोड लोले भाजून ठेवणें, होळीला जिलबीच्या थोरल्या बहिणीसारखें दिसणारें घीयर लेकीच्या घरीं पाठवणें, हेंहि पुन्हां सुरू झालें. आषाढांत तळण घेऊन लेकीकडे जाणाऱ्या मराठी आईला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अंबरनाथचा पालट निराळ्या तऱ्हेनें झाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेथें आगकाड्यांचा मोठा कारखाना निघाला; स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. १९७२ च्या सुमारास बारवीचें धरण बांधलें गेलें आणि त्याच्या पाण्यावर उद्योग व वस्ती दोन्ही वाढलीं. बदलापूरची लोकसंख्या २००१ सालीं ९७ हजारांच्या वर होती, ती २०११ सालीं १ लक्ष ७४ हजारांवर गेली. ही माणसें राहिलीं कोठें? भात आणि मागून वाल देणाऱ्या जमिनींवर. शेत विकून ज्यानें घर बांधलें त्याच्या हातीं पैसा आला, त्याबद्दल त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. मुलांचीं शिक्षणें झालीं, आजारपणें निभावलीं. पण त्याच्या लेकीच्या घरीं आतां तो मिठाईच्या दुकानांतला खोका नेतो, आणि नेतांना त्याला थोडें चोरट्यासारखें वाटतें.

एक गंमत मात्र घडली आहे. ज्या खोऱ्यानें शंभर वर्षें मुंबईला वानवळा पाठवला तें आतां स्वतःच वानवळा घेऊं लागलें आहे. नव्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांकडे खानदेशांतून भरताचीं वांगीं आणि कळण्याचें पीठ येतें, कोल्हापुराकडून काकवी येते, रत्नागिरीहून फणसपोळी नि आमसुलें येतात. एकाच जिन्यावर चार जिल्ह्यांचीं भांडीं वर-खालीं होतात, आणि साखर घालून परत जातात. आणि ज्येष्ठ सरतां सरतां स्टेशनच्या बाहेर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. त्यांच्यापाशीं घासाघीस होते, पैसे मोजले जातात, तो रीतसर बाजार असतो. जुडी पिशवींत पडली म्हणजे बाई वरून मूठभर काकडें टाकते. नवखें गिऱ्हाईक तीं फळें कशाचीं म्हणून विचारतें, आणि मागची गर्दी खोळंबली असतांहि ती भाजी कशी करावयाची तें त्याला सांगत बसते.