गाठीची हद्द

१९५०च्या सुमारास जालन्यात कुणाला पहाटेची डोकेदुखी, उलट्या आणि मधूनच फिट असा त्रास सुरू झाला, की आधी नाकाला कांदा, मग देवऋषी, आणि ऐपत असलीच तर रेल्वे. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. मीटरगेजची गाडी एका बाजूला हैदराबादला जायची, दुसऱ्या बाजूला मनमाडला. मुंबईसाठी तिथे गाडी बदलायची. औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९५६ मध्ये.

मुंबईत मेंदूची शस्त्रक्रिया त्याच दशकात उभी राहत होती. माँट्रिऑलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. राम गिंडे आणि केईएमचे डॉ. होमी दस्तूर ही त्यातली ठळक नावं. कवटी उघडल्यावर त्या काळच्या सर्जनला अनेकदा कर्करोगाऐवजी टीबीची गाठ सापडे. जे.जे.मध्ये डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदूच्या क्षयाचा अनेक वर्षं अभ्यास केला. ही गाठ आजूबाजूचा मेंदू रेटते, पण बहुधा कडा राखून असते. पुढे औषधांनीच ती विरघळू लागली.

ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींतून उठणाऱ्या गाठीचं, तसं नाही. हद्दीचा दगड जागेवर ठेवून शेजाऱ्याचा बांध कोरत जाणाऱ्या शेतकऱ्यासारखी तिची चाल असते. बाल्टिमोरचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये रुग्णांचा अख्खा उजवा अर्धमेंदू काढल्याचं प्रसिद्ध केलं, तरी गाठ परतलीच.

का परतली, याचं उत्तर १९३८ ते १९४० दरम्यान हान्स योआखिम शेरर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिलं. गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने, मज्जातंतूंच्या जुडग्यांतून, मेंदूच्या पातळ आवरणाखालून दूरवर सरकतात. सर्जनला दिसते ती गाठ म्हणजे केवळ दाट वस्ती. (शेररचं नाव कौतुकाने घेणं जड जातं: पुढे याच माणसाने नाझींनी मारलेल्या मुलांचे मेंदू तपासले.)

रुग्णाचे हाल मात्र पुष्कळदा गाठीपेक्षा तिच्या भोवतीच्या सुजेने होतात. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यांतून पाझरलेलं पाणी शेजारच्या पेशींच्या मधल्या फटींत साचतं, आणि कवटीत तर जागाच नसते. १९६१ मध्ये अमेरिकेत गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ही सूज उतरते हे दाखवलं. बेशुद्धीकडे चाललेला माणूस एक-दोन दिवसांत बोलू लागे. मेंदूच्या गाठीवरच्या उपचारांत इतकं स्वस्त आणि इतकं गुणकारी दुसरं काही क्वचितच असेल. गाठ मात्र तशीच राहते, म्हणून बरं वाटलं तरी मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास टळत नाही.

तो प्रवास आता आखूड झाला आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) जालन्याहून साठेक किलोमीटर, तिथे २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. २०२४ मध्ये खुद्द जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

फिटचं कोडंही थोडं सुटलं. ग्लायोमाच्या पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडून शेजारच्या चेतापेशींना भडकावतात, हे माहीत होतं. २०१९ मध्ये हायडेलबर्ग आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की चेतापेशी या गाठीशी थेट जोडण्या करतात आणि त्यांच्या विद्युतसंदेशांवर गाठ वाढते. म्हणजे मेंदूच तिला खाऊ घालतो. पेरॅम्पॅनेल हे मिरगीवरचं औषध ती जोडणी थोपवतं का, याची रुग्णांवरची चाचणी जर्मनीत हाती घेतली गेली आहे.