हातात हुनर आहे, पण कागद? बांधकाम कारागिरांनी कोणतं कार्ड कशासाठी काढावं

दर जूनमध्ये शाळेत प्रवेश अर्ज भरून घेताना आम्ही शिक्षक ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यापाशी अडखळतो. समोर बसलेले अब्बा वीस-वीस वर्षं गिलावा, टाइल्स, सेंट्रिंगचं काम करत असतात. ओळंबा न लावताही भिंत कुठे बाहेर गेली ते त्यांना नजरेनं कळतं. पण विचारलं की ते म्हणतात, “लिहा सर, मजुरी.”

मिस्त्री आणि बिगारी यांच्या रोजात किती फरक असतो हे नाक्यावर उभं राहणाऱ्याला सांगायला नको. किमान वेतनाच्या सरकारी तक्त्यातही अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे वेगळे गट आहेत. ओळखीचा ठेकेदार कागद मागत नाही, तो काम बघतो. पण मोठ्या कंपनीची साइट असो, सरकारी काम असो की गल्फची मुलाखत, तिथे “सर्टिफिकेट आहे का?” हा प्रश्न येतोच. तेव्हा आपले बरेच बांधव खिशातून कामगार मंडळाचं कार्ड काढून दाखवतात, आणि समोरचा म्हणतो, हे चालणार नाही. हा घोळ का होतो, ते समजून घेऊ.

मंडळाचं कार्ड : मदतीच्या योजनांसाठी

1996 च्या केंद्रीय कायद्यानं बांधकाम कामगारांसाठी राज्यांत कल्याणकारी मंडळं उभी राहिली. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो आणि त्या पैशातून कामगारांना मदत दिली जाते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ करतं. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम, या मुख्य अटी आहेत. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार, ग्रामसेवक किंवा पालिकेकडून मिळतो.

या कार्डाचे फायदे मोठे आहेत. शाळेशी संबंधित तेवढे सांगतो. पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला 2,500 रुपये आणि आठवी ते दहावीसाठी 5,000 रुपये मिळतात. हजेरी 75 टक्के हवी. नूतनीकरण चुकलं की मदत अडकते, म्हणून कार्डाची तारीख बघत जा.

हे कार्ड जरूर काढा. पण त्यावरून तुम्ही बांधकामावर काम करता एवढंच कळतं. तुमचा हात किती तयार आहे, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

हुनराचं प्रमाणपत्र : आरपीएल

ज्यानं शाळा लवकर सोडली, कुठला कोर्स केला नाही, पण उस्तादाच्या हाताखाली काम शिकला, त्याच्यासाठी ‘रिकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजे आरपीएल, ही सोय आहे. साध्या भाषेत, जे आधीच येतं त्याची परीक्षा आणि त्याचा दाखला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून ही परीक्षा मोफत होते. बांधकामाच्या कामांचे मापदंड ‘कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिल ऑफ इंडिया’ ठरवते.

आधी आपला ट्रेड नीट निवडा. गवंडीकामाला ‘मेसन जनरल’, टाइल्सला ‘मेसन टायलिंग’, सळई बांधणाऱ्याला ‘बार बेंडर अँड स्टील फिक्सर’, सेंट्रिंगवाल्याला ‘शटरिंग कारपेंटर’ आणि रंगाऱ्याला ‘कन्स्ट्रक्शन पेंटर अँड डेकोरेटर’ अशी नावं आहेत. टाइल्स बसवणाऱ्यानं घाईत ‘मेसन जनरल’ला नाव दिलं, तर परीक्षेत वीटकाम समोर येतं आणि उगाच नापास व्हायची वेळ येते.

चौकशी दोन ठिकाणी करा : जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आणि जवळची सरकारी आयटीआय. मोठ्या साइटवर काम करत असाल तर तिथल्या इंजिनिअरलाही विचारा, कारण आरपीएलची शिबिरं साइटवरही भरवता येतात. ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर मोबाइलवरूनही नोंदणी करता येते. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला शेजारी बसवा.

परीक्षेत कुठे अडखळतात?

आधी थोडं मार्गदर्शन होतं, मग परीक्षा. तिचे दोन भाग असतात : एक प्रश्नांचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा. प्रत्यक्ष काम आपल्या मिस्त्रींना जड जात नाही. अडचण येते ती प्रश्नांत, आणि त्यातही सुरक्षेच्या प्रश्नांत. परातीवर किती वेळ चढावं, बेल्ट कुठे अडकवावा, हेल्मेट का घालायचं, सिमेंट-वाळूचं प्रमाण किती, साधा नकाशा कसा वाचायचा, असले प्रश्न येतात. रोज हेच काम करणारा माणूस ‘काय सांगू, करून दाखवतो’ म्हणून गप्प बसतो, आणि तिथे गुण जातात.

म्हणून आठ दिवस आधी घरी सराव करा. मुलानं प्रश्न विचारायचा, अब्बांनी तोंडी उत्तर द्यायचं. एका सरावात एका वडिलांनी मसाल्याचं प्रमाण अगदी बरोबर सांगितलं, पण पाट्यांत. मुलानं ते पाटीवर ‘एकास सहा’ असं मांडून दिलं. ज्ञान तेच, फक्त परीक्षेची भाषा वेगळी.

राजमिस्त्री आणि सुतारांसाठी आणखी एक

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात राजमिस्त्री, सुतार आणि लोहार येतात. स्वतःचं काम स्वतः करणाऱ्यांसाठी ती आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. प्रमाणपत्र, ओळखपत्र, पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपये अशी मदत आहे. पुढे 5 टक्के व्याजानं कर्जही मिळतं, पण ते घेणं बंधनकारक नाही. व्याज नको असलेल्यांनी प्रशिक्षण, ओळखपत्र आणि अवजारं घेऊन थांबावं.

गल्फला जाणाऱ्यांसाठी

सौदीनं 2021 मध्ये परदेशी कारागिरांसाठी स्वतःची कौशल्य पडताळणी सुरू केली. भारतात सुरुवातीला प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी ती आली, मग यादी वाढत गेली. यातही लेखी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग आहेत. ज्या ट्रेडला ही परीक्षा लागते, तिथे आपलं आरपीएल प्रमाणपत्र तिच्या जागी चालत नाही. म्हणून व्हिसावर कोणता ट्रेड लिहिला जाणार आहे, ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट सहसा ‘ईसीआर’ असतो. सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन या देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवा शुल्क घेता येत नाही.

नावाचा घोळ आधी मिटवा

आमच्या अनुभवात आपल्या लोकांचे सर्वात जास्त अर्ज इथे अडकतात. शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, आधारवर ‘मो.’, पासपोर्टवर ‘मोहम्मद’, बँकेत नुसतं ‘एमडी’. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी चार.

पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंग धरा आणि आधार, पॅन, बँक खातं त्याच्याशी जुळवा. पासपोर्ट नसेल तर आधी आधार दुरुस्त करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्जावर सही करण्याआधी एकेक अक्षर वाचून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. ओटीपी बंद पडलेल्या सिमवर गेला तर सगळं तिथेच थांबतं.

‘कार्ड काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

एका पालकांनी दीड हजार रुपये मोजून मिस्त्रीचं प्रमाणपत्र आणलं. परीक्षा नाही, काही नाही, सुंदर लॅमिनेशन मात्र होतं. शाळेत आम्ही त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर काहीच उघडलं नाही. वीस वर्षं इमानदारीनं काम केलेल्या माणसाच्या हातात खोटा कागद आला. साइटवर तो पकडला गेला असता तर नाव त्याचंच खराब झालं असतं. परीक्षा न घेता मिळालेला कागद घेऊ नका. खरं प्रमाणपत्र क्यूआर कोडनं तपासता येतं.

या सुट्टीच्या दिवशी एवढं करा

आधार, पासपोर्ट, बँक पासबुक, शाळेचा दाखला आणि मंडळाचं कार्ड एका पिशवीत ठेवा आणि पाचही कागदांवरची नावं मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करा. मग ट्रेड ठरवून आरपीएलची चौकशी करा. अर्ज भरताना अडलं तर मुलाच्या शाळेत या, कोणताही शिक्षक मदत करेल. आणि पुढच्या जूनमध्ये तो रकाना भरताना आम्हाला ‘मजुरी’ सांगू नका. ‘गवंडी’ सांगा, ‘टाइल्स कारागीर’ सांगा. आम्ही तेच लिहू.