रातकिड्यांची किरकिर

इसवी सन १८०० सालीं इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनीं आपल्या नव्या विद्युद्घटाचें वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. त्यांत एक विलक्षण प्रयोग नमूद आहे. धातूच्या दोन कांड्या त्यांनीं आपल्या दोन्ही कानांत घालून त्यांतून वीज सोडली. तेव्हां डोक्यास धक्का बसला आणि मागोमाग एखादा घट्ट पदार्थ चुलीवर रटरटावा तसा आवाज ऐकूं आला. विजेनें ध्वनीचा बोध होऊं शकतो हें तेव्हांच दिसलें. परंतु बहिऱ्यास त्याचा उपयोग होण्यास दीडशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

पॅरिसमधील एका ५७ वर्षांच्या गृहस्थाच्या दोन्ही कानांत हाड पोखरणाऱ्या गांठी झाल्या होत्या. त्यांवरील शस्त्रक्रियांनंतर तो ठार बहिरा झाला आणि चेहराही लुळा पडला. २५ फेब्रुवारी १९५७ रोजीं कर्णवैद्य शार्ल एरिएस यांनीं चेहऱ्याच्या मज्जातंतूसाठीं पुन्हा शस्त्रक्रिया केली. त्याच वेळीं आंद्रे जुर्नो यांनीं सिद्ध केलेलें तारेचें वेटोळें कानाजवळच्या स्नायूंत बसवून त्याचें टोंक श्रवणतंतूच्या उरलेल्या भागास टेंकविलें. बाहेरील वेटोळ्यांत वीज खेळविली कीं ती कातडीआडून आंत पोंचे.

पुढें झालेल्या चाचण्यांत त्या गृहस्थास आवाज ऐकूं आले. पण ते माणसाच्या बोलण्याचे नव्हते. रातकिडे किरकिरावेत, किंवा जुगाराचें चाक फिरावें, तसे ते वाटत. कित्येक महिने सराव केल्यावर ठराविक शब्दांपैकीं 'बाबा', 'आई' असे थोडे शब्द त्यास ओळखूं येऊं लागले. मोकळें संभाषण मात्र कळेना.

याचें कारण श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. निरोगी कानाच्या शंखांत उंच स्वर बुंध्याशीं व खालचे स्वर टोंकाशीं उमटतात. प्रत्येकाचे तंतु निराळे. एका तारेनें ताल पोंचतो, स्वरांचा भेद फारसा पोंचत नाहीं. केवळ पखवाजाच्या ठेक्यावरून अभंगाचे शब्द ओळखावयाचे, तसेंच तें काम होतें.

यंत्र दोन वेळां मोडलें आणि एरिएस यांनीं प्रयोग थांबविला. परंतु त्याची वार्ता लॉस एंजेलिस येथील विल्यम हाउस यांस कळली व त्यांनीं १९६१ सालीं असे प्रयोग हातीं घेतले. १९७८ सालीं मेलबर्न येथें ग्रेअम क्लार्क यांनीं शंखांत अनेक अग्रें असलेलें यंत्र बसविलें. त्यामुळें निरनिराळ्या स्वरांच्या तंतूंस निराळा निरोप देतां येऊं लागला.

आजही जखम भरल्यावर यंत्र प्रथम चालू होतें तेव्हां पुष्कळांस शिट्या किंवा पत्र्याचा खडखडाट ऐकूं येतो. रुग्ण व आप्त घाबरतात. पण तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असें होत नाहीं. मेंदूस ही नवी भाषा शिकण्यास महिने लागतात.

त्या पॅरिसच्या गृहस्थास संभाषण पुन्हा लाभलें नाहीं. तथापि जें ऐकूं आलें तें त्यानें जसेंच्या तसें सांगितलें, आणि त्या किरकिरीवरून पुढील संशोधकांस वाट सांपडली.